तिकीट काढले, पण निघण्यापूर्वी एक वर्ष घेतले: मॅडलिन स्लेड यांचा लंडन ते सेगाव प्रवास

१/
वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम आश्रमात ‘बापू कुटी’ पाहण्यासाठी आजही लोक येतात. ही कुटी मुळात गांधीजींसाठी बांधलेली नव्हती, ही गोष्ट मात्र फारशी ठाऊक नसते. ती उभी राहिली होती मीराबेन यांच्यासाठी. मीराबेन म्हणजे लंडनच्या मॅडलिन स्लेड. एका इंग्रज ॲडमिरलची ही कन्या एकटीने हिंदुस्थानात आली. त्या प्रवासाची तयारी कशी झाली, त्याची ही हकीकत.

२/
मॅडलिन यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ चा. वडील एडमंड स्लेड ब्रिटिश नौदलात वरिष्ठ अधिकारी होते. १९०९ मध्ये ते ईस्ट इंडीज ताफ्याचे सरसेनापती झाले आणि त्यांच्याबरोबर कुटुंबाचाही मुक्काम काही काळ मुंबईत पडला. म्हणजे मुंबई मॅडलिन यांनी किशोरवयातच पाहिली होती. पण कोणती मुंबई? ॲडमिरलच्या बंगल्यातील, मेजवान्यांची आणि गोऱ्या साहेबांच्या समारंभांची. त्या बंगल्याच्या कुंपणापलीकडच्या देशाशी त्यांची ओळख अशी झालीच नाही.

३/
त्यांचे खरे वेड होते संगीताचे, त्यातही बेथोव्हेनचे. त्या वेडापायी त्यांनी व्हिएन्ना आणि बॉन गाठले व या संगीतकाराशी जोडलेली ठिकाणे पाहिली. आवडत्या कलावंताच्या गावी जाऊन त्याचे घर पाहावे, तो ज्या वाटांवरून चालला त्या वाटांवरून आपणही चालावे, ही ओढ आजच्या तरुण प्रवाशालाही अनोळखी नाही.

४/
बेथोव्हेनमुळेच त्या फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्यापर्यंत पोहोचल्या. रोलाँ यांनी बेथोव्हेनवर लिहिले होते. ‘जाँ क्रिस्तोफ’ या त्यांच्या दहा खंडांच्या कादंबरीचा नायकही संगीतकारच. १९१५ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक रोलाँ यांना मिळाले होते. त्यांचे लेखन मुळातून वाचता यावे म्हणून मॅडलिन यांनी फ्रेंच भाषेचा अभ्यास केला. ज्याला भेटायचे त्याची भाषा आधी शिकायची, ही त्यांची रीत येथे प्रथम दिसते.

५/
रोलाँ तेव्हा स्वित्झर्लंडमधील व्हिलनव्ह या गावी राहत. तेथील भेटीत त्यांनी आपल्या एका लहानशा पुस्तकाचा उल्लेख केला. विषय होता मोहनदास करमचंद गांधी. मॅडलिन यांनी हे नावही ऐकलेले नव्हते. रोलाँ यांनी गांधींची तुलना थेट ख्रिस्ताशी केली. पुढे पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर मॅडलिन यांनी ते पॅरिसमध्ये विकत घेतले आणि एकाच दिवसात वाचून संपवले.

६/
निर्णय तितक्याच झपाट्याने झाला. लंडनला परतून त्यांनी पी. अँड ओ. कंपनीच्या बोटीचे हिंदुस्थानचे तिकीट काढले. राज्यकर्त्या देशाच्या नागरिक, घर सुस्थितीतील आणि हिंदुस्थान ब्रिटिश साम्राज्याचाच भाग. त्यामुळे बाहेरून पाहता त्यांच्या वाटेत अडथळा असा कोणताच नव्हता. पैसे भरायचे आणि बोटीत बसायचे, एवढेच उरले होते.

७/
येथे क्षणभर मागे जाऊन एका मराठी प्रवासाची आठवण ठेवली पाहिजे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथील कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई जोशी भाषणाला उभ्या राहिल्या. अमेरिकेस जाऊन डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय झाला होता. लोक त्यांना जे प्रश्न विचारत, त्यांपैकी सहा त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. ‘एकटीच का जातेस?’ हा त्यांतील एक होता. ‘परत आल्यावर जातीबाहेर टाकणार नाहीत काय?’ हा दुसरा.

८/
वयाच्या अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या आनंदीबाईंना निघण्यापूर्वी समाजाला जबाब द्यावा लागला. मॅडलिन यांना तसा जबाब कोणी मागितला नाही. आईवडिलांनीही त्यांना अडवले नाही. प्रश्न विचारणारे बाहेर कोणी नसल्यामुळे तो त्यांना स्वतःलाच विचारावा लागला: जेथे जायचे तेथे राहण्याची आपली पात्रता आहे काय?

९/
उत्तर ‘नाही’ असे आले. आश्रमातील माणसे जमिनीवर बसतात, जमिनीवर झोपतात, सूत कातात, शाकाहारी अन्न खातात आणि स्वतःची कामे स्वतः करतात. मॅडलिन यांना यांतील काहीच येत नव्हते. अशा स्थितीत गेलो तर आपण आश्रमाला ओझे होऊ, हे त्यांच्या ध्यानात आले. त्या पुन्हा बोट कंपनीच्या कचेरीत गेल्या आणि प्रवास एक वर्ष पुढे ढकलला.

१०/
त्या वर्षातील तयारीची यादी मोठी मासलेवाईक आहे. मद्य सोडले. मांसाहार सोडला. मऊ बिछाना सोडून जमिनीवर झोपण्याची आणि मांडी घालून बसण्याची सवय केली. कातणे व विणणे शिकायला घेतले. इंग्लंडात कापूस सहज मिळेना, म्हणून लोकर कातली. उर्दू शिकायला प्रारंभ केला. भगवद्गीता आणि ऋग्वेदाचा काही भाग फ्रेंच अनुवादातून वाचला. गांधीजींचे ‘यंग इंडिया’ हे साप्ताहिकही त्या नेमाने वाचू लागल्या.

११/
खुर्चीवर वाढलेल्या तिशीतील माणसाने मांडी घालून बसायला शिकणे वाटते तितके सोपे नसते. गुडघे आणि कंबर दोन्ही बंड करतात. पुस्तक वाचून एखाद्या देशाची माहिती होते, पण त्या देशातील जमिनीवर तासभर बसता यायचे असेल तर शरीरालाच शिकवावे लागते. मॅडलिन यांनी तयारीचा भर शरीरावर ठेवला, हे त्यांच्या नियोजनाचे वैशिष्ट्य.

१२/
हे सुरू असतानाच सप्टेंबर १९२४ मध्ये गांधीजींनी दिल्लीत हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी २१ दिवसांचा उपवास आरंभला. तो निर्विघ्न पार पडल्यावर मॅडलिन यांनी त्यांना पहिले पत्र लिहिले आणि सोबत २० पौंड पाठवले. ३१ डिसेंबर १९२४ चे उत्तर आले. पहिल्या उमाळ्यासरशी न निघता स्वतःला पारखण्यासाठी वर्षभराचा अवधी घेतला, याबद्दल गांधीजींनी संतोष व्यक्त केला होता. पैसे चरख्याच्या प्रचारासाठी वापरले जातील, असेही त्यांनी कळवले.

१३/
पुढे मॅडलिन यांनी स्वतः कातलेल्या लोकरीचे नमुने धाडले. जुलै १९२५ मध्ये आलेल्या उत्तरात नमुन्यांची वाखाणणी होती, येण्याची अनुमती होती आणि बोट कळवल्यास कोणी तरी उतरवून घ्यायला येईल असे आश्वासन होते. त्याचबरोबर स्पष्ट इशाराही होता. आश्रमातील जीवन सुखासीन नाही, प्रत्येकाला अंगमेहनत करावी लागते आणि येथील हवाही सोसणे कठीण जाते. यजमानाने पाहुण्याला आधीच खरे सांगितले होते.

१४/
२५ ऑक्टोबर १९२५ रोजी मार्सेल बंदरातून बोट सुटली. ६ नोव्हेंबरला ती मुंबईला लागली. दादाभाई नौरोजींच्या कुटुंबीयांकडे मॅडलिन यांची उतरण्याची व्यवस्था होती. थोडे दिवस विश्रांती घ्यावी, असा आग्रह झाला. पण ज्या शहरात त्या एके काळी ॲडमिरलची मुलगी म्हणून वावरल्या, तेथे त्या एक रात्रही राहिल्या नाहीत. त्याच रात्रीच्या गाडीने त्या अहमदाबादला निघाल्या.

१५/
७ नोव्हेंबरच्या सकाळी अहमदाबाद स्थानकावर महादेव देसाई, वल्लभभाई पटेल आणि स्वामी आनंद त्यांना घ्यायला आले होते. साबरमती आश्रमात पोहोचताच त्यांनी गांधीजींपुढे गुडघे टेकले. गांधीजींनी त्यांना उठवून कन्या म्हणून स्वीकारले. पुढे नाव दिले मीरा. येथवर योजनेप्रमाणे सर्व पार पडले होते.

१६/
योजनेत न बसणाऱ्या गोष्टी त्यानंतर सुरू झाल्या. वर्षभर घोकलेली उर्दू गुजराती बोलणाऱ्या आश्रमात फारशी कामाला आली नाही. हिंदी नव्याने शिकावी लागली आणि त्यासाठी साबरमती सोडून उत्तरेकडील संस्थांत जाऊन राहावे लागले. संडास साफ करणे हे आश्रमातील रोजचे काम त्यांनी पत्करले. तयारी वाया गेली नव्हती. तिने त्यांना दारापर्यंत आणून सोडले होते. दाराच्या आतले सारे तेथेच शिकायचे होते.

१७/
१९३१ मध्ये त्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजींबरोबर लंडनला गेल्या. मुक्काम होता ईस्ट एंड या कामगारवस्तीतील किंग्जली हॉलमध्ये. जन्मभूमीच्या राजधानीत त्या आता खादीची साडी नेसून वावरत होत्या. परतीच्या वाटेवर व्हिलनव्हला रोलाँ यांची भेट झाली आणि त्यांनी गांधीजींना पियानोवर बेथोव्हेन ऐकवला. मॅडलिन यांना हिंदुस्थानची वाट दाखवणारे दोन धागे त्या खोलीत एकत्र आले.

१८/
आता वर्धा. जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे गांधीजींचे वास्तव्य १९३३ पासून वर्ध्यात होऊ लागले. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. खेड्यांविषयी बोलायचे तर खेड्यात राहिले पाहिजे, असे मीराबेन यांना वाटे. वर्ध्यालगतच्या सिंदी गावात त्यांनी सफाईचे काम हाती घेतले. लोक रस्त्याच्या कडेला घाण करत आणि त्या रोज सकाळी ती उचलत.

१९/
नंतर शहरापासून आणखी दूरचे गाव म्हणून त्यांनी सेगाव निवडले. वर्ध्यापासून हे सुमारे ८ किलोमीटर. मालगुजारी जमनालालजींची. पक्का रस्ता नव्हता. वस्तीत अस्पृश्य मानल्या गेलेल्यांची संख्या मोठी होती. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून पायी सेगावला आले आणि तेथे राहण्याचा आपला विचार त्यांनी गावकऱ्यांपुढे मांडला. गावाच्या वृद्ध पाटलांनी त्यांचे स्वागत केले, पण अस्पृश्यतानिवारणात आपली साथ मिळणार नाही, हेही तोंडावर सांगितले.

२०/
पाटलांचे हे बोलणे या हकीकतीत फार मोलाचे आहे. साबरमतीला मॅडलिन यांना अनुमतीचे पत्र मिळाले होते. सेगावने मात्र कोणालाही निमंत्रण धाडले नव्हते. येथे पाहुणा आपल्या मर्जीने आला होता आणि गावाला नको असलेले काही घेऊन आला होता. जातीची उतरंड मोडण्याच्या कामात गावाचा नकार गृहीत धरूनच राहावे लागणार होते. त्या मुक्कामाची पूर्वतयारी लंडनमध्ये बसून कोणालाही करता आली नसती.

२१/
हवेविषयीचा इशाराही खरा ठरला. सेगावात हिवतापाचा त्रास मोठा होता. १९३६ च्या पावसाळ्याअखेरीस मीराबेन विषमज्वराने अंथरुणाला खिळल्या. माती, बांबू, ताड-शिंदीची पाने अशा जवळपास मिळणाऱ्या साहित्यातून त्यांच्यासाठी उभारलेली कुटी पुढे गांधीजींच्या वापरात आली आणि ‘बापू कुटी’ या नावाने देशभर ठाऊक झाली. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी नामसाधर्म्य असल्याने टपालाचा घोटाळा होई. म्हणून १९४० मध्ये सेगावचे ‘सेवाग्राम’ झाले.

२२/
१९४२ च्या आंदोलनात मीराबेन यांना अटक झाली. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींबरोबर त्याही स्थानबद्ध होत्या. महादेव देसाई आणि कस्तुरबा यांचे मृत्यू त्यांनी तेथेच पाहिले. सुटकेनंतर त्यांनी हिमालयाच्या पायथ्याशी शेती आणि पशुपालनाचे काम उभारले. १९५९ मध्ये त्यांनी भारत सोडला.

२३/
त्यानंतर त्या व्हिएन्नाजवळच्या वनराईत स्थायिक झाल्या. तरुणपणी जे शहर त्या बेथोव्हेनच्या ओढीने पाहायला गेल्या होत्या, त्याच्याच परिसरात त्यांनी उरलेली वर्षे काढली. २० जुलै १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

२४/
प्रवासवर्णनांत बोटीची नावे, बंदरे आणि तारखा सहज सापडतात. निघण्यापूर्वीचे महिने मात्र क्वचितच नोंदले जातात. मॅडलिन स्लेड यांच्या बाबतीत ते नोंदले गेले आहेत, म्हणून एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्यांच्या जवळ पैसा होता, पासपोर्ट होता आणि राज्यकर्त्यांच्या वर्तुळातील ओळखी होत्या. एवढ्या बळावर १९०९ ची मुंबई त्यांना पुन्हा पाहता आली असती. सेगाव मात्र दिसले नसते. त्यासाठी हाती असलेले तिकीट बाजूला ठेवून जमिनीवर बसायला शिकावे लागले.
(धागा समाप्त)