शनिवारवाडा ते मंडई: एक किलोमीटरचा इतिहास

बाहेरगावचा पाहुणा आला की पुणेकराला त्याला शनिवारवाडा दाखवावाच लागतो. मीही दाखवतो. पण वाड्याच्या आत जे बघायचं ते पंधरा-वीस मिनिटांत संपतं, म्हणून पाहुण्याला तसाच पुढे मंडईपर्यंत चालवत नेतो. अंतर जेमतेम सव्वा किलोमीटर. वाहनं, हातगाड्या आणि खरेदीला निघालेली गर्दी धरून पाऊण तास. एवढ्या अंतरात लागणाऱ्या वास्तू ओळीने बघितल्या, की पेशवाईच्या पाटीखाली झाकलेली एक वेगळीच गोष्ट दिसू लागते. ती गोष्ट शाळांची आहे, आणि शाळांवर पैसा कुणी, कशासाठी खर्चायचा याची आहे.

सुरुवात अर्थात दिल्ली दरवाज्यापासून. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी पायाभरणी केली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत. दोन्ही दिवस शनिवार. खर्च सोळा हजार एकशे दहा रुपये. दरवाज्याचे खिळे बघून पाहुणे खूश होतात, आणि आत शिरल्यावर त्यांचा चेहरा पडतो, कारण आत वाडाच नाही. जोती आहेत, हिरवळ आहे, सोळा पाकळ्यांच्या हजारी कारंज्याचा हौद आहे. फेब्रुवारी १८२८ मध्ये लागलेल्या आगीत लाकडी इमले जळून गेले. त्याआधीही आगी लागल्याच होत्या. राज्य तर दहा वर्षांपूर्वीच गेलेलं. १७ नोव्हेंबर १८१७ ला याच वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं होतं.

मग पाहुणा हमखास विचारतो, ‘‘ते ‘काका मला वाचवा’ कुठं झालं?’’ ३० ऑगस्ट १७७३ चा नारायणरावाचा खून हीच या वाड्याची सगळ्यांत खपाऊ आठवण. मी जागा दाखवतो आणि विषय बदलतो. मला त्यापेक्षा वाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात रस आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याची भाजीमंडई या पटांगणात भरायची. जिथून फौजा बाहेर पडल्या त्याच दरवाज्यासमोर पुढची पिढी वांगी-कोथिंबीर विकत बसली होती. आणखी एक तपशील लक्षात ठेवायचा: पेशव्यांच्या घरी फुलं पुरवणाऱ्यांमध्ये गोऱ्हे आडनावाचं एक माळी कुटुंब होतं. फुलांच्या या धंद्यामुळे त्यांचं आडनाव फुले झालं. हे कुटुंब या रस्त्यावर पुढे पुन्हा भेटणार आहे.

वाड्याच्या आग्नेयेला, चार पावलांवर लाल महाल. शिवाजी महाराजांचं बालपण इथलं, आणि ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शाएस्तेखानावर छापा पडला तोही इथेच. आज दिसते ती इमारत मात्र १९८० च्या दशकात महापालिकेने बांधलेली. मूळ महालाचा चिराही शिल्लक नाही. इथल्या शिल्पसमूहातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा डिसेंबर २०१० मध्ये एका रात्री हलवला गेला, त्यावरून शहर बरेच दिवस धुमसलं. जुनं काही उरलं नसलं की भांडायला नवंही पुरतं. कसबा गणपती जवळच आहे. नमस्कार करायचा आणि शिवाजी रस्त्याला लागायचं.

फरासखाना लागतो. लोकांना हे नाव पोलीस चौकीचं म्हणून माहीत. पेशवाईत तंबू, कनाती, जाजमं ठेवायची ही जागा. जवळच बुधवारवाडा होता. १८७९ च्या मे महिन्यात तो जाळला गेला आणि नावापुरता उरला. हल्ली या पट्ट्यात चालणाऱ्यांचं लक्ष एकाच दिशेला असतं, दगडूशेठ हलवाई गणपतीकडे. रस्त्यावरूनच मूर्ती दिसते, त्यामुळे माणसं वाहतुकीच्या मधोमध थांबून हात जोडतात. त्यांची पाठ ज्या बाजूला असते, त्या बाजूला भिडेवाडा होता.

‘होता’ असंच म्हणावं लागतं. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी तात्यासाहेब भिड्यांच्या या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. शाळेकडे जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेण-चिखल फेकत, म्हणून त्या जादा लुगडं जवळ ठेवत, ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. कमी लक्षात घेतलं जातं ते हे, की शेणही याच पेठांतलं आणि वाडाही याच पेठांतला. भिडे ब्राह्मण. १८५१ मध्ये बुधवारातच चिपळूणकरांच्या वाड्यात दुसरी शाळा निघाली, तेही ब्राह्मण. रास्ता पेठेतली आणि वेताळ पेठेतली शाळा त्यानंतरची. अख्खं शहर विरोधात होतं असं सांगितलं की गोष्ट उठावदार होते, पण या मूठभर लोकांनी आपल्याच गल्लीत काय पत्करलं ते त्यात पुसलं जातं.

वाडा नंतर दुकानं आणि भाडेकरूंनी भरला, पडझड झाली, स्मारकाचा वाद वर्षानुवर्षं कोर्टात चालला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने एका रात्रीत तो पाडला. राष्ट्रीय स्मारकासाठी पाडला, हे खरं. शनिवारवाड्याची जळकी जोती आपण कुंपण घालून, तिकीट लावून राखली आणि जिथे मुलींनी धुळाक्षरं गिरवली त्या भिंती मात्र स्मारक बांधण्यासाठी जमीनदोस्त केल्या, हेही तितकंच खरं. वाड्याची अवस्था वाईट होती, मान्य. पण ती वाईट होईपर्यंत आपण सगळे समोर उभे राहून पलीकडे हात जोडत होतो.

बेलबाग चौकातून उजवीकडे लक्ष्मी रस्त्याने गेलं की बाजीराव रस्ता आणि त्यावर विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेला. सुरूच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब, वरचा सज्जा. या फेरीत पेशवाईचं लाकूडकाम बघायला मिळण्याची जागा हीच. १८७९ च्या आगीत याचाही काही भाग गेला, नंतर तो पुन्हा उभारला. हा वाडा टिकला, कारण तो कायम कुणाच्या तरी उपयोगी पडत राहिला. पाठशाळा झाली, पुढे नगरपालिकेची कचेरी झाली.

पाठशाळेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. पेशवे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. राज्य गेल्यावर एल्फिन्स्टनने ती एकदम बंद न करता तिच्या रकमेतून १८२१ मध्ये या वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. शास्त्री तेच, विद्यार्थीही त्याच वर्गातले. १८४९ च्या सुमारास काही तरुण सुधारकांनी अर्ज केला, की दक्षिणेतला काही भाग मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. शहरात गहजब झाला. अर्जदारांना मारहाणीचं भय होतं, तेव्हा त्यांच्या पाठराखणीला माणसं घेऊन उभे राहिले ते जोतीराव. ज्या दक्षिणेवर त्यांच्या समाजाचा हक्क कधीच नव्हता, तिच्या वाटपासाठी ते उभे राहिले होते.

आणि मग १६ नोव्हेंबर १८५२. याच विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांना शालजोडी देऊन त्यांचा गौरव झाला. भिडेवाड्यापासून इथवर आपण आत्ता आलो ते पाच-सात मिनिटांत. पेशव्यांना फुलं पुरवणाऱ्या घरातला मुलगा पेशव्याच्या वाड्यात, शास्त्र्यांच्या पाठशाळेत, मुलींना शिकवल्याबद्दल शाल घेतो आहे. मान देणारं सरकार परकं होतं, त्याची स्वतःची गणितं होती, हे विसरायचं कारण नाही. तरीही त्या दिवशी या दारातून आत कोण गेलं, याची पाटी इथे ठळक असायला हवी असं मला नेहमी वाटतं. पाहुणे वाड्याच्या खांबांचे फोटो काढतात. मी त्यांना तारीख सांगतो.

पलीकडे तुळशीबाग. नारो आप्पाजी खिरे यांनी बांधलेलं, पेशवाईतलं राममंदिर आत आहे. पण कानातली, भातुकली आणि घासाघीस यांतून तिथवर पोचायला चिकाटी लागते. बरोबर बायका-मुलं असतील तर फेरी इथेच अर्धा तास अडकते.

तुळशीबागेतून बाहेर पडलं की समोर मंडईचा अष्टकोनी मनोरा. शनिवारवाड्यासमोर उघड्यावर बसणारी भाजीमंडई हलवण्यासाठी नगरपालिकेने ही इमारत बांधली. १८८६ मध्ये उद्घाटन झालं आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव दिलं गेलं: रे मार्केट. जोतीराव १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी हजार रुपये मंजूर झाले, तेव्हा विरोधात मत देणारे ते एकटे. मंडईच्या इमारतीलाही त्यांचा विरोध होता. एवढा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं. ते ऐकलं गेलं नाही. इमारत झाली, आणि शेतकऱ्यांच्या मालाला छप्पर मिळालं म्हणून ती वाईट झाली असं मलाही म्हणवत नाही.

पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने रे साहेबांचं नाव जाऊन महात्मा फुले मंडई झाली. म्हणजे ज्या इमारतीला माणसाने विरोध केला तिलाच त्याचं नाव. आवारात पुतळा आहे तो लोकमान्य टिळकांचा, ज्यांच्या ‘केसरी’ने मुलींच्या उच्च शिक्षणावर टीकेची झोड उठवली होती. दोघांना एकाच आवारात बसवून शहर मोकळं झालं. त्यावर कडी म्हणजे राजकारणाच्या गप्पा रंगणाऱ्या या कट्ट्यांना पुणेकरांनी दिलेलं नाव, ‘मंडई विद्यापीठ’.

आता खालून मेट्रो जाते, स्टेशनही मंडई नावाचंच. पाहुण्याला परत जायचं असेल तर तिथून एकाच स्टेशनावर कसबा पेठ. शनिवारवाडा पुन्हा जवळ. मी सहसा त्याला चालतच परत नेतो, शिवाजी रस्त्यानेच, म्हणजे भिडेवाड्याच्या जागेवरून दुसऱ्यांदा जाता येतं.