प्रेस : एका शब्दाचं नाशिक

नाशिकरोड स्टेशनवर उतरून रिक्षावाल्याला नुसतं 'प्रेस' म्हणा. तो 'कोणतं प्रेस?' असं विचारणार नाही. तेच तुम्ही सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत म्हणा. तिथे प्रेस म्हणजे पत्र्याला आकार देणारं पॉवर प्रेस, ज्याच्याखाली हात जाऊ नये म्हणून कामगार डोळ्यांत तेल घालून उभा असतो. गल्लीच्या कोपऱ्यावर प्रेस म्हणजे इस्त्री. आणि मोटारसायकलच्या पुढच्या बाजूला लाल अक्षरांत लिहिलेलं असलं तर प्रेस म्हणजे पोलिसाने अडवू नये अशी नम्र विनंती! एकच शब्द, आणि अर्थ इतके. आज आपण या शब्दाचाच इतिहास पाहणार आहोत, कारण तो आपल्या शहराच्या इतिहासाला दोन-तीन ठिकाणी चांगलाच जाऊन भिडतो.

मूळ अर्थ एवढाच : दाबणं. लॅटिनमधून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. जुन्या इंग्रजीत प्रेस म्हणजे गर्दी, रेटारेटी; आपल्याकडे पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर असते ना, तशी. प्रेस म्हणजे द्राक्षं पिळायचं यंत्रही. १४५० च्या सुमारास गुटेनबर्गने जर्मनीत माइन्झला खिळ्यांची छपाई सुरू केली. तो सगळा ऱ्हाइनकाठचा द्राक्षांचा मुलूख. त्याचा छापखाना तिथल्या द्राक्षं पिळायच्या स्क्रूच्या यंत्राच्या धर्तीवर उभा राहिला, म्हणून नावही तेच चिकटलं. आज नाशिकच्या वायनरीत रस काढायचं यंत्र आणि नाशिकरोडला नोटा छापायचं यंत्र, दोघांचं आडनाव एकच आहे ते यामुळे.

मराठीने मात्र हा शब्द एका तुकड्यात घेतला नाही. १८४७ साली मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश निघाला. असा कोश करणाऱ्याची पंचाईत बघा. तेलाला आपल्याकडे घाणा, उसाला चरक, कपड्याला पोर्तुगीजांकडून आलेली इस्त्री, लिंबाला पिळणं, पायाला चेपणं, गळ्याला दाबणं. प्रत्येक वस्तूला वेगळा शब्द. छपाईसाठी छापखाना, पुढे मुद्रणालय. वर्तमानपत्रांसाठी वृत्तपत्रं. आमची भाषा श्रीमंत, असं म्हणून आपण खूश होतो. आम्हाला वाटतं, या श्रीमंतीत एक धागा निसटला. इंग्रजीत प्रेसचं स्वातंत्र्य म्हणजे आधी यंत्राचं स्वातंत्र्य होतं, परवाना न काढता छापायची मोकळीक. वर्तमानपत्रं हा अर्थ नंतर आला. आपल्याकडे मुद्रणस्वातंत्र्य आणि वृत्तपत्रस्वातंत्र्य असे दोन शब्द झाले, आणि संपादक तेवढा लक्षात राहिला. छापखानेवाला विस्मरणात गेला.

सरकार मात्र त्याला विसरलं नव्हतं. १९०९ साली नाशिकच्या बाबाराव सावरकरांना जन्मठेप, काळं पाणी झालं. कशासाठी? तर कवितांचं एक पुस्तक छापून प्रसिद्ध केलं म्हणून. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली, हे आपण शाळेत शिकतो. पण मधल्या फेब्रुवारीत काय झालं ते फारसं सांगितलं जात नाही. त्या महिन्यात इंडियन प्रेस अॅक्ट आला. देशभरच्या क्रांतिकारी घटना त्यामागे होत्या, आणि त्यांत नाशिकची अगदी ताजी.

या कायद्यातली खुबी पाहा. नवा छापखाना काढणाऱ्याने ५०० ते २००० रुपये अनामत भरायची. आक्षेपार्ह मजकूर निघाला तर ती जप्त. पुन्हा सुरू करायचा असेल तर १००० ते १०,००० रुपये भरा. त्यानंतर पुन्हा चूक झाली तर अनामत गेलीच, शिवाय यंत्रही सरकारजमा. संपादक तुरुंगात जायला तयार असे, त्याने नाव होई. पण ज्याने कर्ज काढून यंत्र आणलंय, पदरी चार खिळे जुळवणारे आहेत, त्याचं काय? मजकूर हातात आला की तोच म्हणणार, 'हे आमच्याकडे नको.' सरकारला काही करावंच लागत नाही! प्रेसला प्रेस करणं ते हे. मराठीत ही कोटी करता येत नाही, पण कळ बरोबर तिथलीच आहे.

त्या अनामतीला इंग्रजी कायद्यात शब्द होता सिक्युरिटी. १९२२ साली तो कायदा रद्द झाला आणि तीनच वर्षांनी, १९२५ मध्ये, नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झालं. शब्द तेच दोन, अर्थ पार निराळे. १८५५ पासून आपली पोस्टाची तिकिटं लंडनची एक कंपनी छापून पाठवत असे. ती आता इथे छापली जाऊ लागली. १९२८ साली शेजारी करन्सी नोट प्रेस उभं राहिलं आणि पाच रुपयांच्या नोटेपासून काम सुरू झालं. त्याआधी आपल्या नोटासुद्धा इंग्लंडहून बोटीने येत.

या प्रेसचा एक प्रसंग आम्हाला फार विलक्षण वाटतो. फाळणी झाली तेव्हा नव्या पाकिस्तानकडे स्वतःची तिकिटं-नोटा छापायची सोय नव्हती. मग नाशिकला सहाव्या जॉर्जच्या चित्राच्या तिकिटांवर 'पाकिस्तान' अशी वरून छपाई झाली. १ ऑक्टोबर १९४७ ला ती तिकडे विक्रीला आली. पुढे नोटांवरही तसाच शिक्का छापून दिला. आणि २१ नोव्हेंबर १९४७ ला 'जय हिंद' लिहिलेलं, तिरंग्याचं आपलं पहिलं तिकीट निघालं, तेही नाशिकचंच. बाहेर गाड्या भरभरून माणसं इकडून तिकडे चालली होती आणि इथे दोन्ही देशांची कागदपत्रं एकाच आवारात सुकत होती.

आज फाटकावरच्या हिंदी पाटीप्रमाणे यांची नावं 'भारत प्रतिभूति मुद्रणालय' आणि 'चलार्थ पत्र मुद्रणालय' अशी आहेत. त्यातल्या मुद्रणालय शब्दाला नाव ठेवता येणार नाही, कारण मुद्रा म्हणजे शिक्काही आणि नाणंही. पण जेलरोडच्या एखाद्या आजीला विचारा, मुलगा कुठे असतो? ती म्हणेल, 'प्रेसमध्ये लागलाय.' चलार्थ पत्र मुद्रणालयात लागलाय, असं सांगितलं तर स्थळ चालून येईल का, तुम्हीच सांगा.