घाटावर आणि घाटाखाली: ज्ञानगंगेच्या जंगलाची गोष्ट

बुलढाणा जिल्ह्यात गावाचा पत्ता सांगताना तालुक्याइतकाच घाट महत्त्वाचा. चिखली-मेहकर घाटावर, खामगाव-मलकापूर घाटाखाली. या दोहोंमधल्या अजिंठा रांगेच्या उतारांवर सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं ज्ञानगंगा अभयारण्य पसरलं आहे.

नद्यांनाही हा घाट चुकलेला नाही. ज्ञानगंगा उत्तरेला उतरून पूर्णेला मिळते आणि तिचं पाणी तापीतून अरबी समुद्रात जातं. याच डोंगरांत, बुलढाण्याजवळ उगम पावणारी पैनगंगा मात्र आग्नेयेला वळते आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराकडे निघते.

हे सदाहरित अरण्य नव्हे. साग, सलई, धावडा यांचं हे पानगळीचं रान उन्हाळ्यात उघडंबोडकं होतं, आणि मग पलढग धरणासारख्या पाणवठ्यांवर सगळ्यांचीच भिस्त. अस्वल, बिबट्या, रोही, तडस, भेकर हे इथले जुने रहिवासी.

जंगल डोंगरापुरतं का उरलं, याचं बरंचसं उत्तर घाटाखाली सापडतं. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरच्या नजरा वऱ्हाडाकडे वळल्या. पूर्णेकाठच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत खास कापसासाठी आगगाडीचा फाटा आला. त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हजर होते. सपाटी पिकाखाली गेली. नांगराला दाद न देणारे मुरमाड उतार तेवढे रानाच्या वाट्याला आले. १९९७ मध्ये अभयारण्य जाहीर झालं ते याच उरलेल्या पट्ट्याचं.

अशा तुकड्यात वाघ येईल, असं कुणाला वाटलं असेल? पण यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरमध्ये जन्मलेला 'टी१-सी१' हा तरुण नर आला. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली होती, म्हणून त्याची वाट कळली: तेलंगणातलं आदिलाबाद, पैनगंगा अभयारण्य, हिंगोली, वाशीम. दिवसा लपायचं, रात्री शेतं, नाले आणि रस्ते ओलांडायचे. डिसेंबर २०१९ मध्ये तो ज्ञानगंगेत पोहोचला. कॉलरच्या नोंदींनुसार त्याची एकूण भटकंती तीन हजार किलोमीटरच्या घरात गेली. कापसाने तोडलेला मुलूख त्याने पिकांच्या आडोशानेच पार केला, हा योगायोग गमतीचा आहे.

एप्रिल २०२० मध्ये कॉलर काढली. वाघ इथेच रमला, पण जोडीदारीण नव्हती. तिला बाहेरून आणावं का, यावर वनखात्यात खल झाला. अडचण जुनीच होती: जंगल लहान, भोवती शेतं आणि गावं, बछडे झालेच, तर मोठे होऊन तेही असेच नव्या मुलखाच्या शोधात बाहेर पडणार.