विंचवाचा जुना डंख आणि न चढणारी भूल

विंचू आपल्या मुलखातला फार जुना रहिवासी. संत एकनाथांनी त्याच्यावर भारूड रचलं. गावोगाव विंचू उतरवणारे मांत्रिक होते, आणि आमच्याकडे दम केलेलं पाणी देणारे मौलवीसाहेबही. पण हा विंचू थेट ऑपरेशन थिएटरपर्यंत पोहोचतो, ते फारसं कुणाला ठाऊक नसतं.

या इतिहासाचा एक धागा नागपूरचा आहे. इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसं तिथे यायची. घामाने निथळलेली, हातपाय गार पडलेले, फुफ्फुसात पाणी भरलेलं. बावस्करांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन वापरून पाहिलं आणि १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यावर लिहिलं. जिथे शंभरातले तीसेक रुग्ण दगावायचे, तिथे हे प्रमाण एखाद्या टक्क्यावर आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या डॉक्टरने जगाला शिकवलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

माणसं वाचू लागली. मग वाचलेल्यांपैकी कुणी वर्षांनंतर ऑपरेशनच्या टेबलावर आलं, तर?

वेदनेची खबर मज्जातंतूतून मेंदूकडे जाते ती सोडियमच्या बारीक दारांमधून. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर केला. १९४३ साली स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झालं. ही सगळी औषधं तीच दारं बंद करतात. विंचवाचं विष नेमकं उलटं वागतं, ते ही दारं उघडीच धरून ठेवतं. डंखाची आग अशी जीवघेणी असते ती त्यामुळेच.

२०१२ साली डॉ. मृदुल पंडितराव आणि सहकाऱ्यांनी 'इंडियन जर्नल ऑफ अॅनेस्थेशिया'मध्ये एक लेख लिहिला. विंचू चावून गेलेल्या रुग्णावर बधिर करणारं इंजेक्शन असर करत नाही, असं त्यांना दिसलं होतं. लेखाचं शीर्षकच प्रश्नार्थक होतं, आणि ते योग्यच. हा अजून सिद्ध झालेला नियम नाही. विष केव्हाच निघून गेल्यावर असर इतका कसा टिकतो, याचंही पक्कं उत्तर मिळालेलं नाही. शिवाय भूल न चढण्याची साधी कारणंही असतात. सुई नेमक्या जागी पोहोचत नाही, किंवा जागेत पू झालेला असेल तर तिथल्या आम्लामुळे औषध कमी पडतं. दाताच्या डॉक्टरांना हा अनुभव नेहमीचा.

माझ्या मते खरा प्रश्न रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचा आहे. आमच्या खालाजानच्या पायाला टाके घालताना ती कळवळली, तर "इंजेक्शन दिलंय, दुखेल कसं?" असं तिलाच ऐकवलं गेलं. लहानपणी शेतात तिला दोनदा विंचू चावला होता. त्याचा संबंध असेलच असं नाही, पण कुणी विचारलंही नाही. हजार वर्षांपूर्वी इब्ने सीनाने 'अल-कानून'मध्ये दुखण्याचे पंधरा प्रकार सांगितले. टोचणारं, खाजणारं, जड वाटणारं असे हे प्रकार रुग्णाचं ऐकून घेतल्याशिवाय कळतच नाहीत.

गोष्ट टाक्यांपुरती असती तर वेगळं. मणक्यातलं इंजेक्शन लागू पडलं नाही, तर डॉक्टर पूर्ण भूल देऊन ऑपरेशन पार पाडतात. अडचण नंतर येते. ऑपरेशननंतरचं दुखणं थोपवायलाही पुष्कळदा हीच औषधं वापरतात. पाठीतल्या बारीक नळीतून, नसेजवळ किंवा जखमेभोवती ती सोडतात. ज्याच्यावर ती चालत नाहीत त्याची रात्र कशी जाणार? त्याच्यासाठी पॅरासिटामॉल, सूज उतरवणारी औषधं आणि गरज पडली तर मॉर्फिन, अशी तयारी आधीच हवी. १९८५च्या अंमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन मिळणं फार जिकिरीचं झालं होतं. २०१४च्या दुरुस्तीने ती वाट थोडी मोकळी झाली.

ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ भेटायला येतात तेव्हा आपण शुगर, बीपी, दमा सांगतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना तेव्हाच विचारून ठेवा, विंचू चावला होता का, किती वेळा, आणि पूर्वी कधी टाके घालताना किंवा दात काढताना इंजेक्शन देऊनही दुखलं होतं का. हे भूलतज्ज्ञांच्या कानावर घाला, आणि कागदावर लिहूनही घ्यायला सांगा.