४ मार्च १९९० : हँक गॅदर्स कोर्टवरच कोसळला

लॉस एंजेलिसच्या लॉयोला मेरीमाउंट विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा फॉरवर्ड हँक गॅदर्स याचे १९९० मध्ये आजच्याच दिवशी निधन झाले. पोर्टलंड विद्यापीठाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याने पास हवेतच झेलून चेंडू बास्केटमध्ये घातला आणि काही क्षणांत तो घरच्या कोर्टवर कोसळला. वय अवघे २३. आदल्या हंगामात गुण आणि रिबाउंड या दोन्हींत तो अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये अव्वल होता.

गॅदर्स उजव्या हाताचा, पण फ्री थ्रो डाव्या हाताने टाकत असे. पुढच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याचा जिवलग मित्र बो किंबल याने प्रत्येक सामन्यातला आपला पहिला फ्री थ्रो डाव्या हाताने टाकून त्याला आदरांजली वाहिली. ते सारे चेंडू बास्केटमध्ये गेले.

मृत्यूच्या आधीच्या डिसेंबरमध्येही गॅदर्स सामन्यात कोसळला होता. हृदयाचे ठोके अनियमित असल्याचे निदान झाले होते. धडधाकट खेळाडूचे हृदयही दगा देऊ शकते, हा त्याच्या मृत्यूने दिलेला इशारा आजही तितकाच खरा आहे. खेळताना चक्कर आली, छातीत धडधडले, तर ते अंगावर काढू नका. प्रत्येक मैदानावर हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र आणि ते वापरू शकणारा माणूस हवाच.