घड्याळजींचं रीळ

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कामाचा रगाडा होता हे खरंच, पण दुसरं कारण असं की गेले चार महिने मी फावल्या वेळात मासे पकडायच्या रिळांबद्दल वाचतोय. हसू नका. ज्या माणसाने साताऱ्यात असताना कृष्णेत साधा गळ कधी टाकला नाही, त्याने हे करावं हे मलाही विचित्रच वाटतं.

तर झालं असं. आमची लेक नववीत गेली आणि तिने शाळेच्या बास फिशिंगच्या टीममध्ये नाव घातलं. हो, इथे केंटकीत हा शाळेचा खेळ आहे. २०१३ पासून राज्य पातळीवरची स्पर्धासुद्धा होते. एका बोटीत दोन मुलं आणि बोट चालवायला एक मोठं माणूस. दिवसभर तळ्यात फिरायचं, पकडलेले मासे पाण्याच्या टाकीत जिवंत ठेवायचे, शेवटी वजन करायचं आणि परत सोडून द्यायचे. "सोडून द्यायचे?" आत्याने फोनवर तीनदा विचारलं. आत्या, हे वाचत असशील तर परत सांगतो, हो, सोडून द्यायचे.

बास हा गोड्या पाण्यातला, मोठ्या जबड्याचा, भांडखोर मासा. बुडालेली झाडं, पाणवनस्पती, धक्क्याखालची सावली अशा अडचणीच्या जागी तो दबा धरून बसतो. आमिष नेमकं तिथे, वीतभर अंतरावर पडायला हवं. त्यासाठी इथले लोक वापरतात ते बेटकास्टिंग रीळ. साध्या स्पिनिंग रिळात दोरी गुंडाळलेली गुंडी स्थिर असते आणि दोरी तिच्यावरून नुसती निसटत जाते. बेटकास्टिंगमध्ये गुंडी स्वतः फिरते. पतंगाच्या फिरकीसारखी म्हणा ना! पतंगाने ओढ घेतली की फिरकी गरगरते, आणि पतंग थांबला तरी फिरकीवाल्याने हात लावला नाही तर मांजाचा गुंता होतो. इथेही तेच. हवेत आमिषाचा वेग कमी होतो, गुंडी मात्र आपल्याच तोऱ्यात फिरत राहते, आणि दोरीचा असा काही गुच्छा होतो की कात्रीच घ्यावी. याला म्हणतात बॅकलॅश. तो टाळायला गुंडीवर अंगठा ठेवायचा, आणि त्याच अंगठ्याने आमिष हवं तिथे थांबवायचं. सगळी कला त्या अंगठ्यात.

मी काय केलं? आपला मध्यमवर्गीय हिशेब. पोरीचा उत्साह टिकतो की नाही कुणास ठाऊक, म्हणून इंटरनेटवर शोधून तिशी-पस्तीस डॉलरचं एक रीळ मागवलं. कधी नाव न ऐकलेली कंपनी, पण अंगावर सोनेरी अक्षरांत "१२+१ बॉल बेअरिंग" असं कोरलेलं. शंभर-दीडशे डॉलरच्या रिळातही एवढी बेअरिंग नव्हती. मी स्वतःवर खूश!

पहिल्या स्पर्धेत तिचा निम्मा दिवस गुंता सोडवण्यात गेला. दुपारी रिळाची मूठ नुसतीच फिरायला लागली, आतली चाकं एकमेकांना धरेनात. वजनकाट्यावर तिच्या नावापुढे शून्य. गाडीत ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, मला नाही जमत हे." आणि मी... मी काहीच बोललो नाही. दोष तिचा नाही, माझ्या काटकसरीचा आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी आठवडाभर मी तिला तसंच समजू दिलं.

त्या आठवड्यात एका रात्री ते रीळ उघडलं. माझे वडील घड्याळजी होते, हे जुन्या वाचकांना माहीत आहे. साताऱ्याला खणआळीत त्यांचं छोटंसं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा त्यांच्या हत्यारांची पेटी कुणालाच नको होती म्हणून मी घेऊन आलो. त्यातली आयग्लास डोळ्याला लावली आणि आत पाहिलं. गुंडी खोबणीत सैल, आडवी हलवली की टकटक वाजत होती. दात्यांच्या कडा झिजून गोल झालेल्या. बेअरिंग मात्र खरंच भरपूर! त्यातली बरीचशी मुठीच्या बोंडांत, जिथे त्यांचा फेकीशी काडीचाही संबंध नाही.

मग या यंत्राचा इतिहास वाचायला घेतला, आणि पहिल्याच पानावर थबकलो. आमच्या लेक्सिंग्टनपासून तीसेक किलोमीटरवर पॅरिस नावाचं गाव आहे. आयफेल टॉवरवालं नव्हे, केंटकीतलं, बोर्बन काउंटीतलं. तिथे जॉर्ज स्नायडर नावाचा माणूस राहायचा. १८१० ते १८२० च्या दरम्यान कधीतरी त्याने स्वतःच्या हौसेसाठी एक रीळ बनवलं. मूठ एकदा फिरवली की गुंडी अनेकदा फिरेल, अशा दातेरी चाकांचं. तशी चाकांची रिळं लंडनमध्ये अठराव्या शतकातही विकली जायची. पण स्नायडरचं रीळ इतकं हलकं फिरायचं की जिवंत छोटा मासा आमिष म्हणून थेट रिळावरून दूर फेकता येई. अमेरिकेत बेटकास्टिंग रिळाची सुरुवात इथून मानतात.

आणि हा स्नायडर धंद्याने कोण? चांदीकाम करणारा घड्याळजी.

पुढे १८३० च्या दशकात फ्रँकफर्टच्या जज मेसन ब्राउन यांना तसंच रीळ हवं होतं. ते त्यांनी जोनाथन मीककडून करून घेतलं. तो आणि त्याचा भाऊ बेंजामिन मीक, दोघेही घड्याळजी! त्यांच्याकडे शिकलेल्या बेंजामिन मायलमने पुढे रिळांचाच धंदा केला. एकेक दात हाताने कापायचा, आस घासूनपुसून बसवायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा बसवायचा. घड्याळासारखं फिरलं पाहिजे म्हणजे किती, हे त्यांना ठाऊक होतं. या रिळांना ब्रेक वगैरे काही नव्हता, ब्रेक म्हणजे आपला अंगठा. अर्थात ती महाग होती आणि पैसेवाल्यांच्या हातात असायची. १८८१ साली डॉ. जेम्स हेन्शल यांनी बासवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. ट्राउट हाच काय तो खानदानी मासा असं मानण्याच्या काळात त्यांनी बासची बाजू घेतली, आणि केंटकीच्या रिळांची कीर्ती सगळीकडे गेली.

यापुढचा सगळा इतिहास एका वाक्यात सांगता येईल. घड्याळजीचा हात आणि शिकलेला अंगठा, या दोन महाग गोष्टी सामान्य माणसाला स्वस्तात कशा द्यायच्या?

मिशिगनमधल्या कॅलमझूचा विल्यम शेक्सपियर (होय, हेच नाव!) याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोरी गुंडीवर आपोआप सारखी गुंडाळली जाईल अशी रचना पेटंट केली आणि १८९७ मध्ये कंपनी काढली. आधी हे काम बोटांनी करावं लागायचं.

मग आलं स्वीडन. १९२१ मध्ये स्वँग्स्टा नावाच्या खेड्यात कार्ल ऑगस्ट बोर्गस्ट्रॉम याने एक कारखाना सुरू केला. त्याचं नाव 'एबी उरफॅब्रिकेन', म्हणजे चक्क घड्याळ कारखाना. खिशातली घड्याळं झाली, मग टॅक्सीचे मीटर. दुसऱ्या महायुद्धात मीटरना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा तेच कारागीर रिळांकडे वळले. १९५२ मध्ये त्यांनी आणलेलं लाल रंगाचं 'अँबॅसडर ५०००' इथल्या म्हाताऱ्या लोकांच्या गॅरेजमध्ये अजून दिसतं, आणि चालतंही. त्यात एक साधी युक्ती होती. गुंडीबरोबर फिरणारे छोटे ठोकळे वेग वाढला की बाहेर फेकले जातात, कडेला घासतात आणि गुंडीला आवरतात.

अमेरिकेत त्याच सुमारास आर. डी. हल नावाचा टेक्सासमधला एक माणूस या बॅकलॅशला वैतागला होता. वाण्याच्या दुकानात पुड्याला बांधायचा दोरा स्थिर रिळावरून सुरसुर निघताना पाहून त्याला कल्पना सुचली, आणि १९४९ मध्ये तल्साच्या एका कंपनीने त्याचं झाकणबंद रीळ बाजारात आणलं. त्यात गुंडी फिरतच नाही, मग गुंता कशाचा? ही कंपनी तोवर तेलविहिरींत वापरायचे टाइमबॉम्ब करायची. झीरो अवर बॉम्ब कंपनी, म्हणजेच आजची झेबको. आणि हा हल कोण? घड्याळ दुरुस्त करणारा!

इथे मात्र मी आयग्लास टेबलावर ठेवली आणि उठून पाणी प्यायलो.

१९७० च्या दशकात अलाबामाचे ल्यू चिल्डर आणि जपानची शिमानो यांनी मिळून बुटकं, मुठीत मावणारं रीळ आणलं. शिमानोही १९२१ चीच, सायकलचे फ्रीव्हील करणारी. १९८० च्या दशकात चुंबकाचा ब्रेक रूढ झाला. जुन्या विजेच्या मीटरमधली फिरणारी ॲल्युमिनियमची चकती आठवते? तिला आवरायला चुंबक असायचा. चकती फिरली की तिच्यात वीज फिरते आणि ती उलटा जोर लावते. जितकी गती जास्त, तितका अडसर जास्त. तेच तत्त्व इथे, स्पर्श नाही म्हणून झीजही नाही.

म्हणजे बघा, दोनशे वर्षांत किंमत मोजली गेली ती दोनच गोष्टींची. गुंडी किती नेमकी बसते आणि तिला किती शहाणपणाने आवरता येतं. बेअरिंगच्या आकड्याची नव्हे.

बाबांना हे सांगावं लागलं नसतं. घड्याळांच्या धंद्यात हा खेळ आधीच होऊन गेला होता. 'एचएमटी जनता'च्या डायलवर १७ ज्वेल्स लिहिलेलं असायचं, आणि त्या सतरांना खरोखर काम होतं. एकेकाळी परदेशी कंपन्यांनी ज्वेलचे आकडे वाढवत वाढवत शंभरापर्यंत नेले. जास्तीचे खडे नुसतेच कडेला बसवलेले. शेवटी कुठला ज्वेल मोजायचा याचं आंतरराष्ट्रीय मानक करावं लागलं. गिऱ्हाईक आकडा दाखवायला लागलं की बाबा म्हणायचे, "डायल काय वाचताय, आत बघू या." आणि त्यांच्या मुलाने सोनेरी अक्षरं वाचून रीळ घेतलं!

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायची नव्हती पण लिहितो. क्वार्ट्झ घड्याळं आली आणि दुकानातली गर्दी ओसरली. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. सुट्टीत आलो असताना म्हणालो, "बाबा, आता कोण दुरुस्त करतं? बंद पडलं की लोक नवं घेतात." ते काही बोलले नाहीत. आयग्लास डोळ्याला लावली आणि पुढचं घड्याळ उघडलं. त्यांचं गप्प राहणं आणि माझं गाडीतलं गप्प राहणं यात फरक आहे, हे मला कळतं.

शनिवारी लेकीला टेबलाशी बोलावलं. उघडलेलं रीळ दाखवलं आणि सांगून टाकलं, की तू चुकली नव्हतीस, मी चुकीचं घेतलं आणि गप्प बसलो. ती रागावली, आणि रास्तच होतं ते. मग थोड्या वेळाने म्हणाली, "ते आजोबांचं भिंग दे बघू."

नवं रीळ आम्ही दोघांनी दुकानात जाऊन, हातात घेऊन निवडलं. वापरलेल्या कसोट्या अशा. गुंडी आडवी हलवून पाहिली, किंचितच हलायला हवी. बोटाने फिरवून पाहिली, आवाज न करता फिरत राहायला हवी. ब्रेक बाहेरून सहज कमी-जास्त करता येतो का? मासा ओढायला लागला की दोरी धक्के न देता सुटते का? मुठीच्या एका फेऱ्यात गुंडीचे सातेक फेरे, सगळ्या कामांना चालतील असे. आणि शेवटचा प्रश्न बाबांचा. सुटे भाग मिळतात का, दुरुस्त होतं का? पाच बेअरिंगचं, ऐंशी डॉलरचं एक रीळ या सगळ्यात बसलं. पाचशेचंही होतं, पण नवशिक्याच्या अंगठ्याला त्यातला फरक कळायला अजून बरीच वर्षं आहेत.

आणि अंगठा विकत मिळत नाही. २ जून १९३२ रोजी, मंदीच्या काळात, जॉर्जियातल्या जॉर्ज पेरी नावाच्या गरीब शेतकरी पोराने स्वस्तातल्या रॉड-रिळाने २२ पौंड ४ औंसांचा बास पकडला. जवळ आमिष एकच होतं. मासा घरी नेऊन सगळ्यांनी खाल्ला (आत्या, बघ!). तो जागतिक विक्रम अजून टिकून आहे. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी थोडासा जड मासा पकडला, पण फरक दोन औंसांपेक्षा कमी म्हणून बरोबरी धरली गेली.

सध्या रोज संध्याकाळी मागच्या अंगणात सराव चालतो. गळाऐवजी शिशाचं वजन, लक्ष्य म्हणून माझी जुनी बादली. ब्रेक आधी पूर्ण आवळलेला, मग रोज थोडाथोडा सैल. गुंता होतो, पण आता ती तो न चिडता सोडवते. ते जुनं रीळ टेबलावर सुटं पडलंय, त्याचा एक दातेरी चकलीएवढा भाग बदलला तर चालेल असं तिचं म्हणणं आहे. तो भाग कुठेच मिळत नाही, हे मी तिला सांगितलंय. ती शोधतेय.

असो. फार लांबलं. पुढची स्पर्धा एप्रिलात आहे, काय होतं ते कळवीनच.