जमिनीचा विमा

घराला आगीचा विमा असतो हे आपल्याला ठाऊक आहे. पण "ही जमीन तुमचीच आहे" या गोष्टीचाही विमा मिळतो! त्याला टायटल इन्शुरन्स म्हणतात. 1868 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एक ग्राहक बुडाला. कागद तपासून देणाऱ्याची चूक झाली होती, पण कोर्टाने त्याला जबाबदार धरलं नाही. मग 1876 मध्ये फिलाडेल्फियात अशा विम्याची पहिली कंपनी निघाली. आपल्याकडे 2016 च्या रेरा कायद्यातल्या कलम 16 ने बिल्डरांसाठी हीच कल्पना आणली.

पण चंद्रपूर-गडचिरोलीचा विचार करताना मला वाटतं, इथला प्रश्न जरा वेगळा आहे. विमा काय देतो? पैसे. आणि गोंड-माडिया शेतकऱ्याच्या हातात पैसे ठेवून जमीन काढून घेणं, हीच तर इथली जुनी फसवणूक! उधारीपोटी अंगठा घ्यायचा, पुढे सातबाऱ्यावर फेरफार करून घ्यायचा. कागद अगदी नियमात. वाचता न येणाऱ्याने काय तपासायचं?

आणि सातबारा तरी काय सांगतो? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 157 म्हणतं की नोंद खरी मानायची, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. म्हणजे सरकार मालकीची हमी देत नाही. उलट सिद्ध करायचं काम ज्याची जमीन गेली त्याचं.

हे ओझं उतरवणारा कायदा महाराष्ट्राने केला, तो अनुसूचित जमातींना जमिनी परत देण्याचा. तो 1 नोव्हेंबर 1975 ला लागू झाला. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासीकडून बिगर आदिवासीकडे गेलेली शेतजमीन परत मिळू शकत होती. गंमत बघा, फसवणूक सिद्ध करायची गरजच नव्हती! रीतसर पैसे मोजून झालेला व्यवहारही यात येत होता. आदिवासीने स्वतः कसायची हमी द्यायची, आणि आकारणीच्या 48 पट किंवा मूळ किंमत यातलं जे कमी ते, शिवाय सुधारणांचा खर्च, हप्त्याने फेडायचा. खरेदीदार अर्थातच चिडले आणि कोर्टात गेले. डिसेंबर 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. पुढच्या व्यवहारांसाठी संहितेत कलम 36अ आलं. त्यामुळे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला देताना आजही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते.

तरी कायद्याचं रक्षण सहीवरच अवलंबून. परवानगी देणारा हात बदलला की काय होईल?

म्हणूनच धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं मला कौतुक वाटतं. 2009 मध्ये त्यांना वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. 2013 मध्ये तर त्यांनी आपली खाजगी शेतीही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. कसणारं घर तेच. फक्त एकट्याने अंगठा उठवून जमीन बाहेर जाणार नाही.

यालाही किंमत आहेच. अशी जमीन बाजारात विकता येत नाही, अडीअडचणीला बँकेकडे तारण ठेवणंही अवघड. स्वातंत्र्य कमी होतं म्हणणारे भेटतात, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. पण सतरा वर्षांच्या व्यवहारांसाठी वेगळा कायदा करावा लागला, तिथे एकट्याच्या स्वातंत्र्याचा फायदा कोणी घेतला हेही विसरता येत नाही. विमा कंपनी हप्ता घेऊन भरपाई देते. मेंढ्याने आपल्या विक्रीच्या हक्काचा हप्ता भरला, आणि बदल्यात जमीनच राखली.